स्वातीचं नाव काढा म्हणे

रविवार, १६ नोव्हेंबर

समाजभवनातून बोलावणं आलं म्हणून गेले. वाटलं होतं, माझ्या लग्नाचं काढतील. काढलंच, पण शेवटी. आधी काम सांगितलं.

आमच्या समाजाचे अध्यक्ष धनीराम काका म्हणाले, "रुचिका बेटा, तू कॉम्प्युटरवाली ना. वधूवर परिचय मेळाव्यासाठी एक छोटीशी वेबसाईट बनवून दे. पोराचं नाव टाकलं, पोरीचं नाव टाकलं, की आपसात नातं लागते का नाई ते समोर आलं पायजे. चौदा डिसेंबरले मेळावा आहे."

छोटीशी म्हणे. यांना वाटतं वेबसाईट म्हणजे लग्नपत्रिका, सकाळी प्रेसमध्ये दिली की संध्याकाळी छापून तयार. तरी मी हो म्हणून बसले. काम मला आवडलं, खोटं कशाला लिहू. आपल्याकडे बायोडाटा हातात आला की लोक आधी 'नातेसंबंध'ची ओळ वाचतात, मग मामेकूळ, म्हणजे मामाचं आडनाव, बघतात, शिक्षण आणि फोटो नंतर. नेहमीच्या डेटाबेसमध्ये माणसं टेबलात ओळीनं बसवतात, आणि नातं शोधायला टेबलाला टेबल जोडता जोडता जीव जातो. ग्राफ डेटाबेसमध्ये प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक नातं म्हणजे दोन ठिपक्यांतली रेघ. दोन माणसं सांगा, मधली वाट तो शोधून देतो. समाजाची जुनी वेबसाईट पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत आहे आणि पीएचपी मला झोपेतही येतं. तिथून या डेटाबेसला जोडणी केली की झालं.

एक आजच ठरवलं. नावं सगळ्यांची टाकायची. म्हणजे स्वातीताईचंही. चार वर्षांपूर्वी तिनं कोर्टात लग्न केलं, संघपाल दुसऱ्या समाजातला म्हणून. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नाही. आईबाबा असे वागतात जसं काही त्यांना पहिल्यापासून मी आणि कुंदन अशी दोनच लेकरं. पोटच्या पोरीला इतकं विसरता येतं कसं, मला कळत नाही. आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो. तिनं मलाही काही सांगितलं नाही, तो राग वेगळा. मी फोन केला नाही. तिनं करायला पाहिजे होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काडीचं काम झालं नाही. समाजाचं होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची जागा, कोणाच्या तरी साळ्याच्या ओळखीनं घेतलेलं. त्यावरचं पीएचपी इतकं जुनं की ग्राफ डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, तिथं बसायलाच तयार नाही. होस्टिंगवाल्यांकडे अश्विन नावाचा मुलगा फोन उचलतो. मी म्हटलं, व्हर्शन वाढवा. तो म्हणाला, "मॅडम, वाढवलं तर तुमची जुनी साईट बंद पडते." मी म्हटलं, पडू द्या, तीवर फक्त कोजागिरीचे फोटो आहेत आणि त्यातही सगळ्यांचे डोळे मिटलेले. तर म्हणे अध्यक्षांचा मेल लागेल. धनीराम काकांना मेल पाठवता येत नाही. त्यांच्या मोबाईलवरून मीच मेल केला, माझ्याचबद्दल 'सदर मुलीस सहकार्य करावे' असं लिहिलं, आणि तेही 'समाजाच्या हितार्थ'.

घरी आले तर आई नाही. मंगळवार म्हणजे कारध्याला जायचा दिवस. नदीपलीकडे कोणी मालिशवाली आहे, तिच्या हातानं गुडघ्याला आराम पडतो म्हणे. आईनं पातोडीची भाजी केली होती ती सगळी डब्यात भरून घेऊन गेली, ती बाई एकटी असते म्हणून. मला ठेवलं लाखोरीचं वरण. मालिशवालीला पातोडी आणि घरच्या पोरीला वरण, हा कुठला न्याय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

व्हर्शन वाढलं. आता पीएचपी डेटाबेसला हाक मारतं आणि उत्तर येत नाही. वेळ संपली, वेळ संपली, एवढंच दिसून राहिलं. अश्विनला विचारलं तर तो शांतपणे म्हणतो, "हा मॅडम, तो पोर्ट आमच्याकडे बाहेर जायले बंदच असते." मंगळवारी सांगायला काय झालं होतं. माझ्या डोक्याची तीन दिवस मंडई. कोडचं एकेक अक्षर तपासलं, पासवर्ड बदलला, स्वतःलाच शिव्या दिल्या, आणि दार होतं त्यांच्याकडून बंद.

सोमवार, २४ नोव्हेंबर

जोडणी झाली. तो पोर्ट बंद असला तरी साध्या वेबसाईटवाल्या रस्त्यानं, https नं, हा डेटाबेस बोलतो. हे अश्विननंच सुचवलं, त्याचं श्रेय त्याला. पहिला प्रश्न विचारला, फक्त 'एक परत दे'. एक परत आला. मी इतकी ओरडले की कुंदन दुकानातून वर पळत आला. बाबांचं खाली कोसा साड्यांचं दुकान आहे आणि तो तिथं बसतो.

"काय झालं वो? शॉक लागला का?"

"एक आला."

"कोण आला?"

दाखवलं. स्क्रीनवर नुसता १. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि खाली गेला. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग आता जेव." आमच्या घरात कोणाला कशाचं काही नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज तर संतापाची कमाल झाली. समाजाच्या पुस्तिकेतली नावं आणि लोकांकडून आलेली माहिती, सगळं आत टाकलं. चित्र काढून पाहिलं तर निम्म्या बायकांना आईबाप नाहीत आणि निम्म्या मुली लग्नाच्या वयाला येऊन हवेत विरल्या. मला वाटलं कोडमध्ये चूक. दुपारभर शोधली. चूक कोडमध्ये नव्हती. आपल्यात लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, पाटावर बसवून नावही बदलतात. माहेरच्या कागदात ती एक, सासरच्या कागदात दुसरी. डेटाबेसला काय माहीत, त्यानं दोन बाया केल्या. आणि मुंबई-पुण्याच्या कोणाला नव्हे, मला, इथं वाढलेल्या बाईला, हे आधी सुचू नये?

आईला विचारलं, तुझं माहेरचं नाव काय गं? सत्तावीस वर्षांची झाले आणि आज विचारलं. म्हणाली, "तुळसा. पण आता कोण म्हणते. तुहा मामा म्हणत होता, तो बी आता बाईच म्हणते." माझ्या चित्रात एका कोपऱ्यात तुळसा होती, तिच्यापुढं काही नाही. दुसऱ्या कोपऱ्यात कौशल्या, तिच्यामागं काही नाही. मी दोघींमध्ये रेघ ओढली. आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे चांगलं केलं."

आता समाजातल्या एकेकीला फोन करून माहेरचं नाव विचारायचं. पुरुषांना फोन केला तर सांगता येत नाही. "थांब, तिलेच विचारतो," म्हणतात. बायकोचं जन्मनाव माहीत नाही आणि समाजाचं काम करून राहिले.

कुंदनला म्हटलं, दहा फोन तू कर. तर शनिवार म्हणजे याचं क्रिकेट. बॅट इथं भिंतीला टेकलेली आणि हा क्रिकेट खेळायला गेला. बाबांचंही तसंच. दर बुधवारी विणकरांकडे मोहाडीला जातात आणि रिकाम्या हातानं येतात. या बुधवारी शर्टावर पेनाच्या रेघोट्या घेऊन आले, विणकराच्या नातवानं ओढल्या म्हणे. आई त्या शर्टाला लिंबू चोळत बसली होती. पोरं त्यांची आणि शर्ट आमचे खराब.

रविवार, ७ डिसेंबर

आल्या आल्या लिहायला बसले.

समाजभवनात साईट दाखवली. एक मुलगा निवडला, एक मुलगी निवडली, दोन पिढ्यांमागं दोघांच्या आज्या बहिणी निघाल्या. सगळे खूश. धनीराम काकांनी पाठ थोपटली. मग कोणीतरी म्हणालं, आता अध्यक्षांना तुझंच घर दाखव. दाखवलं. बाबा, आई, मी, कुंदन, स्वातीताई, आणि ताईपासून एक रेघ संघपालकडे.

धनीराम काका उठून स्क्रीनजवळ आले आणि बोट ठेवून म्हणाले, "हे काढ."

मी म्हटलं, का? ती माझी बहीण आहे. मेली नाही.

"बेटा, हा समाजाचा कार्यक्रम आहे. पवनीचे लोक कुंदनले पाहून गेले, त्याहिले पसंत आहे, मेळाव्यात परिचय झाला का पुढची बोलणी. तू कायले मधात खोडा घालून राहिली? हे नाव राहिलं तं कुंदनचा परिचय होणार नाई. आणि परिचयात त्यानं एकच बहीण सांगायची. ठरलं."

ठरलं म्हणे. कोणी ठरवलं? मी तिथल्या तिथं सांगितलं की नाव निघणार नाही, तुमचा मेळावा राहो की जावो. लॅपटॉप बंद केला आणि निघाले. मागून एकजण म्हणाला, म्हणूनच हिचं जमत नाही. त्याची बायको गेल्या आठवड्यात मला फोनवर स्वतःचं जन्मनाव सांगताना रडली होती, हे त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

सोमवार, ८ डिसेंबर

वाटलं होतं, बाबा माझ्या बाजूनं उभे राहतील. सकाळी दुकानात साड्यांच्या घड्या घालता घालता, मान वर न करता म्हणाले, "काढून टाक. त्यात काय आहे."

त्यात काय आहे. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, या, बसा, तुमच्यासमोर काढते. खाली दुकानात गिऱ्हाईक असताना त्यांना वर आणलं आणि खुर्चीवर बसवलं. हुकूम दिला, स्वाती हा ठिपका पुसून टाक. डेटाबेसनं नाही म्हटलं. या ठिपक्याला अजून नाती जोडलेली आहेत, आधी ती तोडा, मग पुसा. त्याचा नियमच तो आहे. सगळी नाती एका झटक्यात तोडून पुसायचा हुकूमही आहे, एका ओळीचा, पण तो मी देणार नव्हते. मी म्हटलं, बाबा, वाचा. ही रेघ तुमची, ही आईची, ही कुंदनची, ही माझी. कोणती आधी तोडू, तुम्ही सांगा.

बाबा स्क्रीनकडे पाहत बसले. मग म्हणाले, "कुंदनचं जमू दे वो बाई. तुले नाई समजत," आणि खाली गेले.

मला समजत नाही. ज्यांना समजतं त्यांनी एका पोराच्या लग्नासाठी एक पोरगी पुसायला काढली आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

ठरवलं की ताईलाच जाऊन विचारायचं. तिला विचारल्याशिवाय तिच्या नावाचं काही होणार नाही. अडचण ही की ती राहते कुठं ते मला माहीत नाही. आईला चिडूनच विचारलं, तुला कशाला माहीत असेल म्हणा. तर पोळी लाटता लाटता आई म्हणाली, "कारध्याले. पूल संपला का उजव्या हाताले आटाचक्की लागते, तिच्या मागं निळ्या दाराचं घर. पण आज नको जाऊ. उद्या जाजो."

पूल ओलांडला की ताई. मी चार वर्षं धरून बसले होते की ती कुठंतरी लांब आहे. आणि आईला पत्ता पाठ असून पाऊल उचलत नाही, वर मला मुहूर्त सांगते. आज का नको, विचारलं तर म्हणे मंगळवार चांगला नसतो.

बुधवार, १० डिसेंबर

कुठून लिहू.

आटाचक्की लागली. मागच्या गल्लीत बाबांची स्कूटर उभी होती. मला वाटलं चोरीला गेली, कारण बाबा मोहाडीला गेले होते. निळं दार उघडं होतं. आत बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते, मांडीवर दोन वर्षांची एक मुलगी, तिच्या हातात पेन, आणि ती त्यांच्या बाहीवर मन लावून रेघा ओढून राहिली होती. संघपाल भावजी कामावर गेले होते. बाबांच्या पुढ्यात ताट होतं, ताई वाढत होती. बाबांनी मला पाहिलं आणि घास तसाच हातात राहिला.

"तू कायले आली?" बाबांनी विचारलं. मला. तिथं बसून.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ताईनं मला बोलू दिलं. मग म्हणाली, "मंगळवारी आई येते, बुधवारी बाबा, शनिवारी कुंदन. एकमेकाले सांगत नाही. तूच राहिली होती."

"मला का नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू संध्याकाळपर्यंत समाजभवनात जाऊन भांडली असती. मंग यांचं येणं बंद झालं असतं." आणि पाणी देता देता म्हणाली, "लग्नाच्या वेळी बी म्हणूनच नाई सांगतलं."

म्हणजे दोष माझ्या तोंडाचा. माणूस खरं बोलतो म्हणून त्याच्यापासून भाची लपवायची. तिचं नाव यशोधरा. माझ्याकडे आली नाही, बाबांच्या मागं लपली. आणि मी चार वर्षं या घराच्या वतीनं ताईसाठी झुरत होते, एकटीच.

बाबांना म्हटलं, इथं घास खाता आणि तिकडं म्हणता काढून टाक? बाबा म्हणाले, "कॉम्प्युटरमधून काढ म्हटलं. घरातून थोडीच काढली."

ताई हसली नाही. म्हणाली, "घरातून बी काढलंच ना, बाबा. गाडी मागच्या गल्लीत लावता. आई मालिशचं नाव करून येते. मले सगळं समजते, कुंदनचं बी समजते. पण मी थकली आता. पोरगी मोठी होऊन राहिली, उद्या विचारन का आजोबा चोरावानी काहून येते." मग माझ्याकडे वळली. "माहं नाव राहू दे. यशोचं बी टाक."

"आणि कुंदनचं?" बाबांनी विचारलं. ताईनं त्यांच्या ताटात भात वाढला.

परत येताना स्कूटरवर बाबा पुढं, मी मागं. राग त्यांचा आला आहे की माझाच, ते ठरत नाही आहे.

रविवार, १४ डिसेंबर

मी भाषण तयार केलं होतं. चांगलं दहा मिनिटांचं, पाठ केलेलं. धनीराम काकांनी साईट दाखवायची नाही म्हणून पडदाच काढून टाकला होता, तर माईक हिसकावून बोलायचं ठरवून गेले होते. कुंदनला परवाच सगळं सांगितलं, तो नुसता 'हूं' म्हणाला होता. मला वाटलं, हा घाबरला, हा एकच बहीण सांगणार. त्यासाठी त्याला सुनवायचे शब्दही वेगळे तयार ठेवले होते.

साईटच दाखवायची नव्हती म्हणून त्याचा परिचय यादीत राहिला होता. त्याचं नाव पुकारलं. पवनीची माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती, मुलगी आईच्या बाजूला. धनीराम काका माईकजवळच उभे होते, वेळ संपली की वाजवायची घंटी हातात घेऊन. कुंदननं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, दुकान सांगितलं. मग दुकानात साडीचा भाव सांगतो त्याच आवाजात म्हणाला, "दोन बहिणी. मोठी स्वाती, कारध्याले असते, जावई संघपाल, भाची यशोधरा. लहान रुचिका. मामेकूळ..." आणि मामाचं आडनाव सांगून, हात जोडून खाली उतरला. घंटी वाजवायची राहूनच गेली.

मी माझ्या जागेवर भाषण घेऊन बसलेली. माझी गरजच पडली नाही. चार वर्षं गप्प राहिलेल्या पोट्ट्यानं दोन वाक्यांत उरकलं. मला त्याचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

पवनीचे लोक जेवले आणि निघून गेले. मुलीनं वळून पाहिलं, तिच्या बापानं नाही. पंगतीत बाबांच्या दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आई वाढणाऱ्यांत होती, ती झारा खाली ठेवून आली आणि बाबांच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. कुंदननं दोन गुलाबजाम जास्त मागून घेतले. खाल्ला एकही नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

पवनीहून फोन नाही. कुंदन शोकेसची काच पुसत बसतो. समाजाची साईट कालपासून बंद आहे. अश्विननं स्वतःहून कळवलं की अध्यक्षांच्या सांगण्यावरून बंद केली, आणि हळूच म्हणाला की डेटाबेसचा पासवर्ड तुमच्याकडेच आहे मॅडम, तो आम्हाला कोणी मागितला नाही. म्हणजे सगळी माणसं आणि सगळ्या रेघा माझ्या लॅपटॉपवरून जशाच्या तशा दिसतात.

दुपारी फोन आला. धनीराम काकांच्या घरच्या काकू. मी भांडायची पूर्ण तयारी करून उचलला.

"रुचिका, ते तू नावं जोडत होती ना. अजून जोडते का?"

मी म्हटलं, साईट तर तुमच्याच घरून बंद झाली.

"हाव. पण तुह्याजवळ आहे म्हणते. एक नाव टाकायचं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "टीना. माही मोठी पोरगी."

आजवर मी समजत होते की त्यांना प्रविण हा एकच मुलगा. मी लहान असताना हीही ताईसारखी लग्न करून गेली असणार, आणि मग कोणी नाव काढलं नसणार. काकांनी तेव्हाही असंच केलं असणार, बोट ठेवून. माझ्या तोंडाशी काय काय आलं. मी म्हटलं, जन्मतारीख सांगा.

काकू अडखळल्या. "धान कापणीचे दिवस होते वो, तारीख तं..."

फोनच्या मागून पुरुषाचा आवाज आला. तारीख, साल, वार आणि सरकारी दवाखाना, सगळं न थांबता. ज्या आवाजानं मला 'हे काढ' म्हटलं तोच. मला वाटलं फोन त्यांच्याकडे मागावा आणि पाठ केलेली दहा मिनिटं त्यांनाच ऐकवावी. तेवढी मी त्या माणसावर चिडलेली आहे, आत्ताही.

मी तारीख टाकली आणि विचारलं, जावयांचं नाव?

काकूंनी फोन दूर धरून विचारलं, "सांगू का?"

तिकडं कोणीतरी खुर्ची सरकवली. मग तोच आवाज म्हणाला, "सांग."

काकूंनी नाव सांगितलं. मी लिहून घेतलं आणि रेघ ओढली.